अर्धं झालंय, बाहेर बसा

मी, शुभंकर पोपट शेडगे, वय २२ वर्षे, धंदा मोबाइल दुरुस्ती, दुकान बुधवार पेठ, शिक्षण बी.कॉम. मधूनच सोडलेले, रा. कसबा पेठ, पुणे. समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,

सृष्टी भीमराव वानखडे ही माझ्या कॉलेजातली. ती चालवत असलेल्या स्कूटरला अपघात झाला, त्यात मागे बसलेली तिची आई गेली. तेव्हापासून तिला झोपेच्या गोळ्या लागल्या, पुढे दारूही. आधीच्या व्यसनमुक्ती केंद्रात म्हणाले, अगोदर व्यसन सोडा, मग मनाचं बघू. तिने सोडलंही. पण सोडलं की अपघाताचा आवाज कानात यायचा आणि पुन्हा सुरू. धायरीच्या केंद्रात डॉक्टर नम्रता मॅडम व्यसन आणि मन, दोन्हींवर एकत्रच उपचार करतात. मी तिला तिथे बसने नेतो. माझ्याकडे मोटारसायकल आहे, पण ती दुचाकीवर बसत नाही.

तिथली पद्धत अशी की, पेशंट मॅडमच्या खोलीत गेला की आतून कडी स्वतः लावतो. बोलणं मध्येच थांबवायचं असेल तर तोच काढतो. बाहेरच्याने दाराला हात लावायचा नाही. मागे एकदा तिचं रडणं ऐकून मी दाराकडे धावलो, तेव्हा काउंटरवरच्या शर्मिलाताई म्हणाल्या, "आपण डॉक्टर आहात का? नाही ना. मग बाकावर बसा. बाक त्यासाठीच आहे."

आज सकाळी तिचे वडील भीमराव वानखडे पहिल्यांदाच तिथे आले. आत सृष्टी मोठ्याने रडत होती. ते म्हणाले, "पोरीला दारू सोडायला पाठवलंय की रडायला?" तिला आत्ताच घरी नेतो, असे म्हणून ते खांद्याने दार ढकलू लागले. मी, काका थांबा, असे सांगितले. ते थांबले नाहीत. मी त्यांची कॉलर धरली. शर्टाची बटणे तुटली. मारहाण केलेली नाही. करणार होतो का, असे विचारले असता, सांगता येत नाही.

तेवढ्यात आतून कडी निघाली. सृष्टी दारात येऊन म्हणाली, "बाबा, आईचं सांगतेय. अर्धं झालंय. बाहेर बसा ना." मग मला म्हणाली, "आणि तू कॉलर सोड."

मी सोडली. तिने आत जाऊन पुन्हा कडी लावली. आम्ही दोघे बाकावर बसलो. रडणं वाढलं तेव्हा काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. ते मारहाणीत धरू नये.

कोणीतरी फोन केल्याने पोलीस आले. चौकीवर चला म्हणाले, तेव्हा ती बाहेर आली की येतो, असे आम्ही दोघेही एकदमच बोललो.

सृष्टी बाहेर आली आणि भूक लागलीय म्हणाली. तिची आई गेल्यापासून हे पहिल्यांदा ऐकतोय, असे काका हवालदार साहेबांना म्हणाले. तक्रार द्यायची का, यावर काकांनी, आधी पोरीला मिसळ खाऊ घालतो, असे सांगितले. म्हणून मी एकटाच आलो आहे.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात सृष्टीच्या नावापुढे 'प्रेयसी' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. तिला अजून विचारलेलं नाही. बाकी सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.