मागच्या खोलीत रेंज

— न्हाई दादा, म्होरच्या खोलीत न्हाई, तिथं तर येतंयच की. मागं यायला पायजे, परसातल्या पत्र्याच्या खोलीत. तुमी वायफायवाले, तुमाला काय सांगावं — त्या पत्र्याखाली मोबाईल म्हंजी नुसता डब्बा, एक कांडी दिसत न्हाई. मला कीर्तन बगायचं आसतंय, म्हातारपणी दुसरं काय हाय? मपल्या मोबाईलात बोलायचं रिचार्ज न्हाई, म्हणून शेजारच्या सरजाबाईच्या फोनवरून तुमाला बलावलं. ते रेंज वाढवायचं यंत्र आणलं न्हवं? आगं बाई, लय बारकं हाय की. बरं झालं. बारकंच पायजे व्हतं.

तर चला, लावा मागं. — आं? मागं न्हाई लावायचं? कामून? … हां, हां, खरं हाय. जिथं रेंजच पोचत न्हाई तिथून ते म्होरं काय ढकलंल? विहिरीतच पाणी नसल्यावर मोटर काय उपसंल! मंग मधी, सैपाकघरात लावा. पर या पिठाच्या कोठीमागं लावा — दिसाय नगं. उगं आपलं, डोळ्याला बरं दिसत न्हाई म्हणून.

लाल बत्ती लागली? लाल म्हंजी न्हाई यायली? पत्र्याची कोठी आडवी यायलीय — अरे देवा. उघड्यावरच लावावं लागतंय, मिक्सरच्या बोर्डाला? दादा, तिथं तर दारातून पाय टाकला की नजरंत भरंल त्याच्या. कुणाच्या म्हंजी — योगीराजच्या, मपल्या पोराच्या. परभणीला मोंढ्यात माल इकाया गेलाय, कवा बी यील. … लावा, लावा. डासाची मशीन म्हणून सांगते. आन नाव नवं दिऊ नगा हां, त्याच्या मोबाईलात दिसंल. म्होरच्याचंच नाव, त्योच पासवर्ड — जमतंय? जमतंय ना? सारकं दाराकडं कामून बगता म्हणता? मांजर यील म्हणून हो.

कशाचं मांजर. आता इथवर आलंय तर आयका, पर पोटात ठिवा. कीर्तन-बिर्तन काय न्हाई. मागं सून हाय मपली, शिवकन्या. कोंडलीय तिला. बाहीर जाताना कुलूप लावतो, चावी खिशात. पीत बी न्हाई हो — पिला आसता तर म्हणले असते, दारू बोलायलीय. शुद्धीत मारतो. म्या आडवी गेले तर — हे? कंबरंचं काय न्हाई, वसरीवरून पडले. … न्हाई. पडले न्हाई. ढकललं त्यानं. नऊ म्हैने पोटात वागवलं, दादा, आन आता त्यो घरात आला की म्याच कोपरा धरते.

सांगितलं की तिच्या भावाला! जीवनला, पिंगळी गावाला. सरजाबाईच्या फोनवरूनच सांगितलं. त्यो म्हणला, मावशी, दाजी तर म्हणतेत तुमचं डोकं फिरलंय, काय बी बरळता. म्हणला, एक डाव ताईचं तोंड दाखवा, मंग मानतो. बराबर हाय त्याचं — माय पोराची चाहाडी करायली म्हणल्यावर कोण खरं धरंल? … न्हाई न्हाई, कुलूप तोडू नगा तुमी! तुमी तोडून जाल, मंग रातच्याला आमी दोघी आन त्यो. तिला न्यायला मानूस आला पायजे.

हिरवी लागली? खरंच? थांबा, मपला मोबाईल खिडकीच्या गजातून देते तिला. — शिवे, घे गं, लाव जीवनला, तोंड दिसंल असं लाव. … दादा, तुमी तिकडं बगू नगा, व्हट फुटलाय तिचा, लाजती ती. … लागला. वाजायलाय. — दिसतंय का रे बाबा? नीट बग. डोळ्याखाली बी बग.

ऐकलं न्हवं तुमी? रडला त्यो. एवढा मोठा बाप्या, रडला. म्हणला, मावशी, जीप काढतो, संगं चार मानसं आणतो, आन तिथून सरळ ठाण्यात.

आता तुमी जावा. पाणी बी इचारत न्हाई तुमाला. जावा, जल्दी जावा, तुमचं नाव यात यायला नगं. … म्या? म्या बसते हितंच, तिच्या दाराला पाठ लावून. योगीराज आधी आला तर — मालूम न्हाई, दादा. भ्या तर लय वाटायलंय. पर आज म्या या दारातून उठायची न्हाई.

जावा म्हणते ना!