मेहुण्याची लाडकी वाम

माझ्या मेहुण्याचं नाव काढू नका, अजून डोकं फिरतं माझं. तेव्हा खाडीत पंप आले नव्हते, आम्ही डुबी मारून बादलीनं रेती काढायचो. धक्क्याच्या दगडांत एक वाम मासळी राहायची, सापासारखी लांब, दंडाएवढी जाड. आम्ही तिच्या बिळात हात घालायचो न्हाय, ती आमच्या वाटेला जायची न्हाय.

मेहुणा नारपोलीचा लूमवाला, कापडाचे यंत्रमाग चालवायचा. शुक्रवारी लूम बंद झाले की दोस्तांना घेऊन यायचा आणि पायरीवर बसून तिला हातानं कोंबडीची आतडी भरवायचा. मी बजावलं, "अरे, तिला धड दिसत न्हाय. हात आला म्हणजे खाणं आलं, एवढंच शिकेल ती."

"भावोजी, दोस्ती हाय आमची!"

एका शनिवारी मी खाली बादली भरत होतो. ती आपणहून आली आणि माझी दोन बोटं घेऊन गेली.

हा धावत इस्पितळात आला. मला वाटलं, आता पाय धरेल. तर खाटेपाशी वाकून विचारतो कसा, "भावोजी, तुम्ही तिला मारलं-बिरलं न्हाय ना?"

डॉक्टरांनी माझा उजवा हात बांधला होता. डावा मोकळाच होता.