चिंध्या सोडणारा माणूस

माझा जलम मेंढरांमागचा. माजलगावकडं कुनाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवली व्हती, तितंच आईला कळा आल्या, आन दुसऱ्या दिशी मला पाटीत घालून, पाटी घोड्यावर ठिवून बिऱ्हाड म्होरं निगालं. आता जलमगाव इचारलं तर कोन्तं सांगू, ताई? लगीन झालं आन आष्टी तालुक्यातल्या ह्या डोंगरात आले, तवापसून हेच गाव. पन खरं सांगू का, एका घरात आसं बसून ऱ्हायला मी म्हातारपनी शिकले, आन ते बी अजून जमंना.

आमचे मालक आन त्यांचे थोरले भाऊ, ह्या दोघांनी जलमभर मेंढरं राखली. थोरल्यांना सगळे दादा म्हनायचे. दादा कळपाच्या म्होरं आन मालक मागं, कवा बदल न्हाई. डोंगरात वाट फुटली की दादा पटक्याची न्हाईतर माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून झाडाला बांधायचे, की ह्या अंगानं गेलो. मागच्या मानसानं ती बगून वळायचं आन जाता जाता चिंधी सोडून कनवटीला खोचायची. सोडायचीच, मागं ठिवायची न्हाई. एखादं शेरडू खातंय आन पोट फुगून मरतंय, आन आमच्यात आसं बी मानत्यात की चिंधी मागं ऱ्हायली की कळपातलं एक जितराब मागं ऱ्हातंय. सांजच्याला मालक त्या चिंध्या दादांच्या हातावर ठिवायचे आन म्हनायचे, सगळी आली. झालं, दोघा भावांचं दिवसाचं बोलनं संपलं. मी चिडवायची, की तुमच्यापरीस मेंढरं जास्त बोलत्यात.

मग मोरांसाठी जंगल राखीव झालं, चराई बंद. कावून म्हनून इचारायचं कुनाला? मोराला बी जगायचं हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. मेंढरं इकली, दुधाला दोन शेरड्या ठिवल्या, पोरगा सुनेला घिऊन पुण्याकडं गेला. दादा छातीत कळ यिऊन गेले. आन त्याच्या मागनं मालकांना इसर पडायला लागला. आदी तंबाखूची पिशवी कुटं ठिवली ते, मग जेवलो का न्हाई ते, आन मग दादा मेले हे बी. सकाळी उटून इचारायचे, दादा गेला का म्होरं? मी पैल्यांदा खरं सांगायची, की आवो ते वारले. तर त्यांच्या तोंडाकडं बगवायचं न्हाई, ताई. दर सकाळी भाऊ नव्यानं मरायचा. मग मी सांगायचं सोडलं. गेले म्होरं, म्हनायची. खोटं तर खोटं, पन त्यांना ते पुन्यांदा कळू द्यायचं न्हाई, येवढंच मी धरून बसले.

आन मग ही पळनारी मानसं आली. शहरातली, जंगलात शर्यत लावत्यात, ट्रेल रन का काय म्हनत्यात. छातीवर नंबर, पाठीवर पान्याची पिशवी, तिची नळी तोंडात. मला हसू यायचं, मागं ना लांडगा ना पोलीस, पळत्यात कावून? पन पोरं चांगली, जाता-येता रामराम घालायची. त्यांनी पळायला आखली ती वाट आमचीच, मेंढरांच्या पायानं पडल्याली, दुसरी वाट हायच कुटं त्या डोंगरात. आन कुनी चुकू नये म्हनून आदल्या दिशी त्यांनी फाट्या-फाट्याला झाडाला केशरी पट्ट्या बांधल्या.

शर्यतीच्या दिशी तांबडं फुटायला मी शेरड्यांना पाला आनायला गेलते. आले तर दार उगडं, काठी न्हाई, घोंगडं न्हाई. सगळं गाव हुडकलं, हीर वाकून बगितली, वढा बगितला. सूर्व्या डोक्यावर आला तवा मालक आपल्या पायानं आले. धोतराच्या सोग्यात केशरी पट्ट्यांचा ढीग. म्हनले, दादा म्होरं गेलाय, लई दिसांनी चिंध्या बांधल्यात, एक बी मागं ठिवली न्हाई बग. सगळी आली. पट्ट्या शर्यतीच्या, हे मला बगताच कळलं. पन काय सांगू तुमाला, त्यांचं ते तोंड बगून मला बरं बी वाटलं. किती सालांनी मानूस हसलं व्हतं.

तिकडं पळनारी पोरं वाट चुकून दरीच्या अंगाला उतरली. एक पोरगी घसरून पडली, पायाचं हाड मोडलं, झोळी करून आनली तिला. दुपार कलली तवा शर्यतीचा म्होरक्या आन जंगलाचा गार्ड दारात उबे. पट्ट्या कुनी काडल्या? मी तोंड उगडायच्या आदीच मालक उटले, छाती काडून म्हनले, मी. मागं मीच व्हतो, सगळी आली. म्होरक्या तापला. त्याची चूक न्हाई, लोकांची लेकरं त्याच्या भरवशावर आलती. म्हनला, कोन सगळी आली आजोबा, एक मागं दरीत पडली व्हती, मरता मरता वाचली.

मालक गपकन खाली बसले. मला इचारायला लागले, कंचं ऱ्हायलं गं मागं? मी हात जोडून दोघांना खुनवीत व्हते, की नगा, नगा बोलू. पन गार्ड गावातलाच, त्याला कीव आली, जवळ बसून मायेनं म्हनला, बाबा, दादा कवाच वारले, मातीला तुमीच व्हता की. ह्या पट्ट्या ह्या लोकांनी बांधल्या.

झालं. मालकांनी पटका काडून भुईवर ठिवला. माझ्याकडं बगून म्हनले, दादा गेला आन तू मला सांगितलं न्हाईस? न्हावी बोलवा म्हनले. एकाच मानसाचं सुतक दोनदा कुनी धरत न्हाई, पन मी न्हावी बोलवला, डोकं उतरलं. म्होरक्या अंगनात तसाच बसून ऱ्हायला, मग पट्ट्या गोळा करून निगून गेला.

पोरगी बरी झाली, मी गार्डाकडं इचारलं व्हतं. मालक बी थोड्या दिसांत दादांचं मरन इसरले. पन एक मागं ऱ्हायलं, हे काय त्यांच्या डोक्यातून जाईना. बाकी समदं पुसलं, तेवढंच ऱ्हायलं. रोज सांजच्याला उंबऱ्यावर बसून तेच, कंचं ऱ्हायलं? शेरड्या म्होरं उब्या केल्या, न्हाई पटत. कुनीच न्हाई ऱ्हायलं म्हनलं तर जेवत न्हाईत. मानूस वाळून काठी झालं, ताई.

औंदा परत शर्यत झाली. आता फाट्यावर मानसं उबी करत्यात. म्हनले, आजी, बाबांना घरात ठिवा. मी भाईरून कडी लावली आन उंबऱ्यावर बसले. पोरं पळत गेली, आन हे आतून दार वाजवीत, अगं सोड, कळप लांब गेला, एक मागं हाय. लई रडले मी त्या दिशी.

त्याच सांजच्याला परत इचारलं, कंचं ऱ्हायलं? मी थकलते. म्हनलं, मी ऱ्हायलेय मागं. मीच हाय ती.

मालकांनी हातातली काठी भुईवर टेकवली. मग म्हनले, मग सावकास ये. मी थांबतो.

तवापसून रोज हेच चालू हाय. पळनाऱ्या लेकरांचे पाय धड ऱ्हावोत, समदी आपापल्या घरी जावोत, माझा कुनावर राग न्हाई. मी मागं हाय म्हनलं की हे दोन घास खात्यात.