नदी बंद असते तेव्हा

सुप्रभा : ही सीट कोणी एवढी पुढे ओढली? गुडघे नुसते डॅशबोर्डला टेकतायत माझे.

श्रीनिवास : गळाचा रॉड मागे बसत नाही ना, म्हणून ओढतो. पण सुप्रभा, तू खरंच येणार आहेस?

सुप्रभा : बसलेय की गाडीत. चहाचा थर्मासही घेतलाय.

श्रीनिवास : अगं, नदीवर गारठा असतो. एप्रिलचं ऊन नुसतं दिसायला. बसायला धड जागा नाही. कंटाळशील.

सुप्रभा : तुमच्या हॉस्पिटलच्या ख्रिसमस डिनरला दरवर्षी येते मी. टर्की चघळत भूल देणाऱ्या डॉक्टरांचे जोक ऐकते. त्यापेक्षा नदी काय वाईट? काढा गाडी. समोरची मार्गारेट पडद्याआडून बघतेय.

श्रीनिवास : आज तसा काही उपयोग नाही. रात्री पाऊस झालाय. पाणी गढूळ असेल, कॅटफिश वर यायचा नाही.

सुप्रभा : मागच्या शनिवारी म्हणालात, गढूळ पाण्यातच येतो. मिशांनी हुंगत हुंगत येतो, त्याला डोळ्यांचं काम नसतं.

श्रीनिवास : असं म्हणालो?

सुप्रभा : मी आमटी वाढत होते. तुम्ही हात पसरून दाखवलंत, एवढा. हिवाळाभर खोल डोहात पडून राहतो. वसंतात पाणी जरा कोमट झालं की भुकेजून प्रवाहात येतो, आणि मोठे सगळे तेव्हाच गळाला लागतात. मी म्हटलं, म्हणजे आपला शिंगाळाच ना, मिशांचा? तर म्हणालात, नाही, हा चॅनेल कॅटफिश, याचा मान वेगळा.

श्रीनिवास : तुझ्या बरंच लक्षात राहतं.

सुप्रभा : घरात माणसं दोन. त्यातलं एक बोलतं तेव्हा दुसऱ्याच्या लक्षात राहणारच. महाराष्ट्र मंडळातल्या सुनीतीलाही सांगितलं मी. म्हटलं, आमचे हे चौदा पौंडांचा मासा धरतात आणि परत पाण्यात सोडून येतात. ती म्हणाली, मग घरी काय आणतात? म्हटलं, चिखल.

श्रीनिवास : इथे सोडायचीच पद्धत आहे.

सुप्रभा : असेल. आमच्या वेंगुर्ल्यात कोणी धरलेला मासा परत सोडला असता, तर त्याला अंगाराच लावला असता. पण म्हटलं, इंग्रजांचं काही सांगता येत नाही. म्हणून विश्वास ठेवला. डावीकडे वळायचं ना इथे?

श्रीनिवास : अं? हो. हो.

सुप्रभा : बुधवारी मी दुकानात गेले होते.

श्रीनिवास : कुठल्या?

सुप्रभा : स्टेशनजवळचं, गळ विकतात ते. परवा तुमचा वाढदिवस. म्हटलं, एवढं धूड हे नुसत्या हातांनी कसं काढत असतील, मोठं जाळं घेऊ या. दुकानदाराला सांगितलं, माय हजबंड कॅचेस चॅनेल कॅटफिश. इन द थेम्स. एव्हरी सॅटर्डे.

श्रीनिवास : सुप्रभा, ऐक —

सुप्रभा : भला माणूस. आधी हसलासुद्धा नाही. म्हणाला, लव्ह, चॅनेल कॅटफिश अमेरिकेत असतो, थेम्समध्ये नाही. मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, दुसरा कसला तरी असेल मग, यांना माशांतलं कळत नाही, पुण्याचे आहेत. तेव्हा म्हणाला, शनिवारी म्हणजे कुठल्या शनिवारी? म्हटलं, हेच की आत्ताचे, मार्च-एप्रिलचे. तेव्हा हसला.

श्रीनिवास : जरा काच खाली करतो. कोंडल्यासारखं होतंय.

सुप्रभा : करा. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत नदी बंद असते म्हणे. माशांचे अंडी घालायचे दिवस. गळ टाकला तर दंड. शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं म्हणाला. मी पिशवी उचलली आणि ब्रेड घेऊन घरी आले.

श्रीनिवास : मासेमारीचं एक मासिक कॉमन रूममध्ये पडलं होतं. अमेरिकन. कोणीतरी आणून टाकलेलं.

सुप्रभा : म्हणजे ते चौदा पौंडही त्यातलेच.

श्रीनिवास : त्यात बावीस होते. मी कमी केले.

सुप्रभा : उपकार झाले.

श्रीनिवास : तुला वाटत असेल, की मी कुठे दुसरीकडे...

सुप्रभा : बाई ठेवलीय असं? वाटलं की. बुधवारची अख्खी दुपार वाटलं. कणीक भिजवता भिजवता मी तिला केसही दिले, लाल. मग तुमचे मोजे जोडीने लावायला बसले आणि म्हटलं, छे. ज्याला स्वतःचा दुसरा मोजा सापडत नाही त्याला बाई कुठून सापडायची.

श्रीनिवास : तसलं काही नाही, शपथ.

सुप्रभा : शपथ नको, पुढे लॉरी आहे. गुरुवारी मी तुमची मासेमारीची बॅग उघडली. रीलवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही. आणि तळाला हे होतं. नका बघू, रस्त्याकडे बघा, मी सांगते. रबरी बूट आहे. लाल. डाव्या पायाचा. माझ्या तळहातावर मावतो.

श्रीनिवास : पुढे वळण आहे.

सुप्रभा : हे कसलं आमिष म्हणायचं?

(मेडनहेड. नदीकाठचं पार्किंग. इंजिन बंद.)

सुप्रभा : मुलगा की मुलगी?

श्रीनिवास : मुलगी.

सुप्रभा : आपल्या वीणाची.

श्रीनिवास : हो.

सुप्रभा : तुम्हीही म्हणा. तिचं नाव घ्यायला बंदी आहे ते घर तिकडे एजवेअरला राहिलं. गाडीत म्हटलं तर चालेल.

श्रीनिवास : वीणाची मुलगी. जूनमध्ये चार पूर्ण होतील.

सुप्रभा : चार. म्हणजे चालते, बोलते, सगळं. आणि ही सीट काही रॉडसाठी पुढे ओढलेली नव्हती.

श्रीनिवास : मागे तिची छोटी खुर्ची लावतो. बदकं दाखवायला नेतो. परत येताना खुर्ची काढून तिकडेच ठेवतो.

सुप्रभा : कधीपासून येताय?

श्रीनिवास : ती झाली तेव्हापासून. ग्रॅहमने हॉस्पिटलला फोन केला होता. म्हणाला, मुलगी झालीय, वीणा रडतेय, तुम्ही या. मी रस्त्याला लागलो तेव्हा मला माहीतही नव्हतं की मी निघालोय.

सुप्रभा : मग ते शनिवारचं ऑन-कॉल?

श्रीनिवास : तेव्हा होतं थोडं. दोन तास उशीर झाला तर तू विचारायची नाहीस. या फेब्रुवारीत ती ड्युटी संपली.

सुप्रभा : म्हणून मासे आले.

श्रीनिवास : दुसरं काही सुचलं नाही.

सुप्रभा : लोकांना गुंगी द्यायचा तुमचा धंदा. मला घरातल्या घरात दिलीत. तिला डिंकाचे लाडू कोणी केले?

श्रीनिवास : कोणी नाही. ग्रॅहम सूप करायचा. चांगला आहे गं तो. होड्या दुरुस्त करतो, हात सोन्यासारखे आहेत त्याचे.

सुप्रभा : आता चांगला आहे. शहाऐंशीच्या गणपतीत नव्हता. तेव्हा तो घटस्फोट झालेला होडीवाला होता, आणि आपल्या मुलीने त्याच्यापायी मेडिकल सोडलं होतं. हॉलभर माणसं, मी नैवेद्याचं ताट घेऊन उभी, आणि कोणीतरी विचारलं, वीणा दिसत नाही? तुम्ही म्हणालात, आम्हाला मुलगी नाही. सगळ्यांच्या माना खाली. माझ्या हातातलं ताट तेवढं वर.

श्रीनिवास : रागात बोललो होतो.

सुप्रभा : रागातलं पाळलं मी. तिचा रविवारी फोन यायचा. मीच उचलायचे. ‘आई’ म्हणायची, तेवढंच. तुम्ही पेपरच्या वरून बघत असायचात. मी रिसीव्हर खाली ठेवायचे, आणि तुम्हाला सांगायचे, राँग नंबर. तुम्ही मान डोलवायचात. मग फोन यायचे थांबले.

श्रीनिवास : मला कळत होतं कोणाचा फोन ते.

सुप्रभा : मला माहीत होतं तुम्हाला कळतंय ते. बायकोने शब्द राखला म्हणून बरं वाटत असेल, असं मला वाटायचं. वेडी. तुम्ही इथे बदकं दाखवत होतात.

श्रीनिवास : तुला सांगणारच होतो. दर वेळी परत जाताना ठरवायचो. घरी आलो की तू दार उघडायचीस, आणि जो ते बोलला होता तोच माणूस आत यायचा. तुझ्यासमोर शब्द फिरवायची लाज वाटली.

सुप्रभा : नाव काय ठेवलंय तिचं?

श्रीनिवास : ते... यमुना.

सुप्रभा : यमुना?

श्रीनिवास : तुझ्या आईचं. वीणानेच ठेवलं. ग्रॅहमला नीट म्हणता येत नाही. तो यम् म्हणतो.

सुप्रभा : पोरीला यम म्हणतो?

श्रीनिवास : त्यांच्यात यम् म्हणजे चविष्ट.

सुप्रभा : माझ्या आईला आवडलं असतं. दोन्ही अर्थ चालले असते तिला. कुणासारखी दिसते?

श्रीनिवास : कपाळ तुझं. हट्टही.

सुप्रभा : मराठी येतं?

श्रीनिवास : मी शिकवतो थोडं. ‘आजोबा आली’ म्हणते. पोहे आवडतात, पण बटाटा वेगळा काढून ठेवते.

सुप्रभा : पोहे कोण करतं?

श्रीनिवास : वीणा. तुझ्यासारखेच करते. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मी परत मागून घेतले.

सुप्रभा : घर किती लांब आहे इथून?

श्रीनिवास : पूल ओलांडला की उजवीकडे.

सुप्रभा : मग चला. बूट द्यायचाय तिचा. पोरगी एका पायाने चिखलात कशी जाईल.

श्रीनिवास : आज नको.

सुप्रभा : का?

श्रीनिवास : आधी सांगायला हवं त्यांना. अचानक कसं जायचं?

सुप्रभा : आईने मुलीकडे जायला अपॉइंटमेंट घ्यायची?

श्रीनिवास : तसं नाही. पुढच्या शनिवारी जाऊ. मी बोलून ठेवतो. चहा ओत ना जरा.

सुप्रभा : ओतते. धरा कप. वीणा माझं विचारते का?

श्रीनिवास : नदीला पाणी बरंच आहे आज.

सुप्रभा : नदी मला दिसतेय. वीणा माझं विचारते का?

श्रीनिवास : सुरुवातीला विचारायची.

सुप्रभा : आणि आता?

श्रीनिवास : आता दोघं कामात असतात. यमू विचारते ना. परवाच विचारलं तिने.

सुप्रभा : काय विचारलं? तिच्या शब्दांत सांगा.

श्रीनिवास : बदकांना ब्रेड टाकत होती. मध्येच म्हणाली, ‘आजोबा, आजी अजून रागावलाय?’

सुप्रभा : रागावलीय.

श्रीनिवास : हो, तेच. लिंगाचा घोळ करते.

सुप्रभा : शिकवा तिला नीट. आजी रागावलीय. ... थांबा. आजी कुणावर रागावलीय?

श्रीनिवास : लहान आहे गं. काहीतरी बोलते.

सुप्रभा : लहान मूल मनचं बोलत नाही, ऐकलेलं बोलतं. तिने मला पाहिलेलं नाही, माझा आवाज ऐकलेला नाही. मी रागावलेय हे तिला कोणी सांगितलं?

श्रीनिवास : वीणाने सांगितलं असेल.

सुप्रभा : आणि वीणाला?

श्रीनिवास : तू फोन ठेवायचीस ना. त्याचा अर्थ ती...

सुप्रभा : फोन मी का ठेवायचे, ते तिला माहीत होतं. बापाचा स्वभाव तिला माझ्याइतकाच ठाऊक होता. ती मला दोष देणारी नव्हती. माझ्याकडे बघा. नदी कुठे जात नाही.

श्रीनिवास : मी पहिल्यांदा गेलो ना, तेव्हा ती दारातच उभी होती. बाळाला घेऊन. तिने माझ्यामागे बघितलं, गाडीकडे. मग म्हणाली, बाबा, तुम्ही आलात. आई कुठेय?

सुप्रभा : पुढे.

श्रीनिवास : तिने इतकी वर्षं माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. लहानपणी मी नाइट ड्युटीवरून यायचो तेव्हा बघायची, तसं. मला ते घालवायचं नव्हतं. एवढंच होतं, सुप्रभा. एकदा बोललो, आणि मग दर शनिवारी तेच धरून राहावं लागलं.

सुप्रभा : काय बोललात?

श्रीनिवास : चहा गार होतोय तुझा.

सुप्रभा : होऊ दे. काय बोललात तिला?

श्रीनिवास : म्हणालो, माझा राग केव्हाच गेला गं. आईच नको म्हणते.