पंचाहत्तरची पट्टी

(अल्जीरियातल्या काबिलिया डोंगरातलं बाजाराचं गाव. लाकूड कापायची मशीनं दुरुस्त करणाऱ्या बेलाइदचं दुकान. समोर फ्रान्समधल्या लिऑन शहरातून आलेला लुनेस आणि इथेच राहणारी त्याची थोरली बहीण जूहेर.)

बेलाइद : पंचाहत्तर म्हणालास? सेंटिमीटरच ना? विचारून घेतलेलं बरं. तुमच्या लिऑनला सगळंच वेगळं असतं म्हणे.

लुनेस : सेंटिमीटरच. मशीनची पंचाहत्तरची पट्टी आणि तिच्यावरची चेन. बारा झाडं आहेत, दोन दिवसांत उरकायचीत मला.

बेलाइद : आणि कापायचंय काय? जहाज?

लुनेस : ऑलिव्ह. उन्हाळ्यात वणव्यात जळाली ती.

बेलाइद : ऑलिव्ह. जूहेरआक्का, हा तुझाच भाऊ ना? दवाखान्यात बदलून तर नाही आला?

जूहेर : घरीच झालाय. मी होते तिथे.

लुनेस : चेष्टा पुरे. शाळेतही हेच करायचास तू. मी नीट मापून आलोय. बुंध्याला दोरी गुंडाळली, एकशे चाळीस भरलं. दोन्ही बाजूंनी सत्तर-सत्तर. वर पाच धरले.

बेलाइद : हे मात्र झकास. कमरेला फीत गुंडाळायची आणि सुताराला सांगायचं, एवढं रुंद दार कर. अरे लिऑनकर, एकशे चाळीस हा घेर झाला. आरपार जाडी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमीच, पंचेचाळीससुद्धा भरायची नाही. तीही सगळ्या बुडाची. आपल्या ऑलिव्हला एका बुडातून तीन-चार खोडं, त्यातली निम्मी पोकळ. एकेक खोड वीस-पंचवीस. पस्तीसची पट्टी पुरून उरते त्याला.

लुनेस : मोठीनं लहान काम होतंच की. बिघडतं काय?

बेलाइद : बिघडतं हे, की तिचं टोक कुठे चाललंय ते तुला दिसत नाही. खोड संपतं आणि पट्टी पुढे जातच राहते. मातीत जाते, बांधाच्या दगडांत जाते. टोक दगडावर आपटलं की मशीन उलटून तोंडावर येतं. इथे पट्टी कशी घेतात सांगू? जे कापायचं त्याच्या जाडीवर चार बोटं. बस. मिरवायचंच असेल तर मिशा वाढव.

लुनेस : सादी वेगळं सांगतो. मशीनही त्याचंच आहे. त्याला पंचाहत्तरचीच पट्टी होती, ती खराब झाली म्हणून तर आलो. नाहीतर तुझं प्रवचन ऐकायला कोण येतंय.

बेलाइद : सादी? कुठला सादी? तुमची झाडं ज्याच्या जमिनीत आहेत तो?

जूहेर : तोच. जमीन त्याची, झाडं आमची. आजोबांपासून.

बेलाइद : आणि झाड मेलं तर, आक्का? याच्यासमोर सांग जरा. हा विसरलेला दिसतोय.

जूहेर : मेलं तर हक्क गेला. जागा सादीची.

लुनेस : असल्या जुन्या चालीरीती आता कोण पाळतं, आक्का?

जूहेर : सादी पाळतो.

बेलाइद : कापायचं कसं, तेही शिकवलं असेल ना गुरुजींनी?

लुनेस : जमिनीलगत सपाट. जळकं काही ठेवायचं नाही, म्हणजे नवं स्वच्छ फुटेल. मला पटलं ते. लॉजिकल आहे.

बेलाइद : लॉजिकल. तीस वर्षं कारखान्यात काढून एवढंच शिकलास? ऑलिव्ह फुटतं ते बुडाच्या गड्ड्यातून. गड्डा राखायचा आणि वर वीतभर सोडून कापायचं. शेंबडं पोरसुद्धा जाणतं हे. गड्डाच उडवलास तर पुढच्या वर्षी सादी तिथे कांदे लावेल, आणि तुला पोतंभर पाठवेल, आभार मानून.

लुनेस : बरं बाबा. लहान दे मग.

बेलाइद : थांब. ती खराब झालेली आण इकडे. पिशवीतच आहे ना?

लुनेस : राहू दे. टाकून द्यायचीय.

जूहेर : दे त्याला.

बेलाइद : हं. बघ, आक्का. चेनला एकही दात धड नाही. ही लाकडानं बोथट झालेली नाही, हिनं दगडमाती खाल्लीय. आणि खाचेत हा भुसा. हात लाव. ओला आहे. आज सकाळचा.

जूहेर : ओला?

बेलाइद : म्हणजे झाड आतून जिवंत होतं.

जूहेर : लुनेस, काय कापलंस तू?

लुनेस : एकच. तू पाण्याला गेली होतीस तेव्हा. म्हटलं, आल्यावर तुला आयतं दिसेल.

जूहेर : कुठलं?

लुनेस : टोकाचं. बांधाजवळचं.

जूहेर : किती ठेवलंस?

लुनेस : ठेवलं नाही काही. सादीनं आधी माती उकरून दिली होती, म्हणून थोडं खालूनच घेतलं.

बेलाइद : माती उकरून दिली. स्वतःच्या हातानं. आणि हा शहाणा वाकून कापत बसला, वर त्याला थँक्यूही म्हणाला असेल.

लुनेस : चुकलं. झालं? बारातलं एक गेलं. अकरा आहेत अजून.

जूहेर : बारा नव्हतीच. अकरा तुमची भावांची. ते माझं होतं.

लुनेस : तुझं? आपल्यात मुलींना कधीपासून झाडं द्यायला लागले?

जूहेर : देत नाहीत. मी विधवा होऊन परत आले, तेव्हा बाबांनी गावच्या बैठकीत उभं राहून एक दिलं. दोन चुलते उठून गेले, तरी दिलं. तू तिकडेच होतास.

लुनेस : मला कुणी कळवलंच नाही. एवढं तोंड पाडू नकोस, आक्का. माझ्यातलं एक घे. तेलाशी मतलब ना?

जूहेर : तुमच्या अकरांचं तेल थोरला भाऊ नेतो. तुला दर हिवाळ्यात लिऑनला जो तेलाचा डबा यायचा, तो त्या एका झाडाचा होता.