वरचा मुलगा, खालचा मुलगा

आमचे आबा आणि तात्या जुळे भाऊ, पण थोरला कोण यावर दोघं जन्मभर भांडतायत. दसऱ्याला धाकट्यानं आपट्याचं सोनं घेऊन थोरल्याकडं जायचं असतं, म्हणून दोघंही आपापल्या दारात वाट बघत बसतात.

म्हटलं, यंदा निकालच लावू. शिरवळजवळच्या आमच्या गावच्या जन्माच्या जुन्या नोंदी पालथ्या घातल्या, तर दोघांचा पत्ताच नाही. शेवटी त्यांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, म्हणाली, "आरं येड्या, पयलं बाळंतपण माहेरी असतंय. आमच्या आयचं माहेर माधवनगरच्या पल्याड. तिकडं बग की."

तसाच सांगलीकडं पळालो, आणि सापडलं की राव! आबांच्या वडिलांच्या नावापुढं एकाच दिवसाच्या दोन नोंदी, एकीखाली एक. बारशाआधीच लिहिलेल्या, त्यामुळं वर नुसतं 'मुलगा' आणि खालीही नुसतं 'मुलगा'. तिथूनच घरी फोन लावला. फोन स्पीकरवर आणि सगळं घर भोवती गोळा.

"आबा, सापडलं! पण नाव कुणाचंच नाही. वर एक मुलगा आहे, खाली एक."

आबा लगेच म्हणाले, "वरचा मी."

मागनं तात्या ओरडले, "तू कसा रं? वरचा मीच. खालचा तू."

मग जे पेटलं, त्यात मला कुणी विचारीना. तेवढ्यात आत्याआजीनं फोन हातात घेतला.

"ये बाळा घरी. यंदा बी दोगास्नी सोनं मीच नेऊन देते. धाकटी मी हाय, एवढं तरी नक्की हाय."