सुमित्रानं ओवलेली कार्डं

नाही नाही, बसा भैय्यालालजी, कायले उठता? पोहे होऊन राहिले. लाखांदूरची गाडी साडेचारले हाये, लय टाइम हाये. आज पाहुने येनार म्हनून हातमाग बंद ठेवला, त्यानं तुमाले घर चूप लागून राहिलं — नाहीतं कोष्ट्याच्या घरात वरडूनच बोला लागते. हो, तुमच्या पुतन्याचं स्थळ आयकलं, तलाठी हाये, पोरगा सोन्यासारखा हाये. अन् अट बी एकच, आमच्या पोरीनं, मंदानं नागपूरचं शिक्षन सोडून घरी रायावं. बरोबर हाये. सोडलंच तिनं. तेच तं सांगून राहिलो.

काय शिकते म्हनता? मले बी आंदी समजत नवतं. म्हने बाबा, मास्यायचं शिकतो. म्हटलं मास्याचं काय शिकाचं, रस्सा करून खाचा. मंग तिनं सांगितलं. आपल्या वैनगंगेवर धरनाची मोठी भिंत होनार म्हनतेत ना — तं पयल्या पुरात मासे नदीतून नाल्यानं वर चढतेत, अंडे घालाले, पार आमच्या आसगावच्या धानाच्या बांध्यायपर्यंत येतेत — भिंत झाली तं थे काय करतीन? कोनते मरतीन, कोनते दुसरी वाट पकडतीन, कोनते उभ्या पान्यातच रायतीन? हे भिंतीच्या आंदी समजलं पायजे. कसं समजन? तं म्हने नागपूरच्या कंपूटरात नदीच भराची. खोटी नदी. इतकं पानी, इतकं ऊन, इतके मासे, सारं आकड्यात. मंग त्यात भिंत घालाची अन् वर्सं सोडाचे, एकामागं एक, बसल्या जागी तीस पावसाळे होऊन जातेत. एक आकडा हालवला का निकाल बदलते, का पुन्हा भराचं. म्हटलं बाई, हे तं आपल्या नक्षीसारखंच झालं, धागा चुकला का उकलाचं.

अन् आकडे कायच्यावर? पुठ्ठ्याच्या कार्डावर, भोकं पाडून! आमच्या मागावर नक्षीचे पुठ्ठे असतेत ना, तसेच, लहान. दिवाळीले पेटी भरून आनले तिनं, घरी तपासाचे होते. एस.टी.त पेटी पडली, सारे खालीवर झाले. बसून बसून पोट्टीनं पुन्हा ओळीनं लावले अन् गेली अड्याळले मैत्रिनीकडं. आता आमची सुमित्रा — घरवाली माझी — तिले वाटलं, एवढी मेहनत, पुन्हा पडले तं? मंग कोष्ट्याची बाई काय करन? कडेले भोकं पाडले अन् सारे कार्डं दोऱ्यानं ओवून टाकले. मागावर चढवाच्या आंदी ओवतो तसेच, गाठी मारून. एक बी इकडचं तिकडं होऊ नये. घडी घालून पेटीत ठेवले, वरून हळद-कुंकू लावलं, नव्या पुठ्ठ्याले लावतो तसं.

हळू बोलतो जरा, सुमित्रा आत पोहे करून राहिली.

कंपूटर घेते का तसे कार्डं? त्याले भोक म्हंजे आकडा. सारी नदी नासली, भैय्यालालजी. वर्साचं काम. पन पोट्टी रागावली नाही. मायले म्हने, ओवनी लय मस्त झाली व माय. मंग मोरीत हात धुवाले गेली थे लवकर आलीच नाही. मले म्हने, बाबा, मायले सांगू नका. अन् सुमित्रा साऱ्या गल्लीत सांगत फिरते — पोरीची नदी म्या ओवून देल्ली. कोन सांगन तिले? तिच्या कालेजातल्या सायबाचा निरोप आला, कार्डं नव्यानं पाडू, मशीनवर पाळी ठेवली हाये, ये. तं ही जात नाही. गेली तं कायले गेली हे मायले सांगा लागन ना. दिवाळीची गोष्ट, आता संक्रांत झाली. तुमचा निरोप आला तं म्हने, येऊ द्या पाहुन्याले. पोरीनं आपखुशीनं हो म्हटलं जी — मले तं एवढंच सांगाचं होतं.

मास्यायचं काय निघालं? अर्धंच राह्यलं. मी एकदा गंमतीनं म्हटलं, त्या नदीत आमा दोघाले बी टाक, तू गेल्यावर म्हातारा-म्हातारी कसे रायतीन पाय. हासली. म्हने मानसाचं नाही टाकता येत बाबा. मानूस भिंतीची सवय करून घेते.

हूं. असंच म्हने.

दोन मयने झाले, मी पाहून राहिलो अन् म्हनून राहिलो, पोट्टी समजदार झाली. थकलो जी मी. दोघी एकामेकीले जपून राहिल्या, अन् मी मधात बसून दोघीले चूप ठेवून राहिलो. तुमच्या स्थळाले नाव ठेवाले जागा नाही, पन —

थांबा. कढईचा आवाज बंद झाला.

सुमित्रा? आयकलं तू?

माग बंद हाये हे मीच इसरलो. या घरात हळू बोलाची सवय कोनाले हाये जी?

राग नका धरू, भैय्यालालजी. पोहे आता भेटत नाहीत तुमाले. लवकर निघा, गाडीत जागा भेटन. चपला त्या बाजूले हायेत.

मंदा, थे लुगडं बदल, पेटी काढ. नागपूरची गाडी पाहुन्याच्या गाडीच्या आंदी हाये. रडू नको व सुमित्रा. कैची घे. तूच काप दोरा.